सरासरी बिल

केतकी, बहिणीची मुलगी, लिस्बनहून आली
आणि पहिल्याच रात्री फोन माझ्यापुढं धरून बसली.
तिथल्या एका रस्त्याखाली रोमन काळाचं भुयार आहे,
पाणी उपसून वर्षातून दोनदा उघडतात,
लोक रांगा लावतात.
टेकडीवरच्या एका बोळात दगडी हौद,
बाया अजून तिथं चादरी पिळतात.
"गाइड नेत नाहीत असलं सगळं शोधलं मी, मामा.
आता तुझं गाव दाखव. तेही राजधानीच होतं ना?"

होतं, म्हणालो. पण उद्यानातली कारंजी बंद आहेत.
नाथांचं देऊळ तू लहानपणी पाहिलंस.
पैठणी घ्यायची तर शोरूमला जाऊ.
माझी यादी तेवढ्यावर संपली.

मग सकाळी तिला गाडीवर मागं बसवून रीडिंगला निघालो.
बावीस वर्षं मी या गावाच्या
जिन्याखाली, गोठ्यात, मोरीच्या वर
मान वाकडी करून आकडे वाचतोय.
कुत्री मला भुंकत नाहीत.
कुणाचा फ्रिज बंद पडला,
कुणाकडं पाव्हणे जास्त दिवस राहिले,
ते मला युनिटवरून कळतं.
मीटरच्या खाली काय असतं
ते मात्र त्या दिवशी बघितलं.

द्वारकाबाई लिंबोरेच्या मोरीतला
धुण्याचा दगड. त्याला पाकळ्या.
अर्धं कमळ साबणानं गुळगुळीत,
अर्धं मातीत.
"सासऱ्यानं आणला होता गाढवावर घालून,"
बाई म्हणाली. "काय बघायलीस एवढं?
सरक, बादली ओतते."

इफ्तेखारभाईंच्या मागाखाली कमरेएवढा खड्डा,
पाय सोडून बसायला.
तो खणताना शंखाची एक बांगडी निघालेली, तुटकी.
त्यांनी ती दोरीला बांधली,
ताण्याला वजन म्हणून.
केतकी वाकून वाकून बघत राहिली.
"भार बरोबर बसतो," एवढंच बोलले
आणि धोटा फेकला.

नागघाटाच्या पुढं, नदीनं कापलेल्या दरडीत
भाजक्या मातीचं कडं, त्यावर कडं, त्यावर कडं.
आडातलं पोहऱ्यात येतं म्हणतात,
इथं आडच बाहेर आलेला,
कुणी उभा चिरून ठेवल्यासारखा.
वरच्या कड्यात साळुंकीचं घर.
ती आमच्यावर इतकी ओरडली
की आम्ही निघालो.

पुढच्या उंचवट्याला पालथी नगरी म्हणतात.
ती कशी पालथी झाली ते सगळ्यांना माहीत आहे,
प्रत्येकाला वेगळं.
शाळा सुटलेली लेकरं लगोरी खेळत होती.
सात खापऱ्या. केतकीनं वरची उचलली:
अर्धी काळी, अर्धी तांबडी, काठाला अंगठ्याचा ठसा.
तिनं स्वतःचा अंगठा त्यात ठेवून बघितला.
बसला नाही. ठसा लहान होता.
"ताई, डाव मोडायलात तुम्ही!"
तिनं खापरी होती तिथं ठेवली, बाजूला झाली.
चेंडू बसला. राजधानी पांगली.
पुन्हा रचायला सगळे पळाले.

परतताना तिनं विचारलं,
घराला कुलूप असलं तर काय करतोस?
सरासरी लावतो, म्हणालो.
मागचे तीन महिने बघून एक आकडा टाकायचा.
कुणी तक्रार करत नाही तोवर चालतं.
"किती वर्षं चालतं?"
एका घराला तर अकरा वर्षं चाललं.
पुलावर वारा होता, ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

रात्री तिच्या फोनमधल्या यादीत खाली तीन शब्द आलेले:
साबण, दोरी, लगोरी.
पत्ता एकाचाही नाही.
मी वही काढली, जुळवाजुळव करायला बसलो,
तेव्हा कळलं, द्वारकाबाईचं रीडिंग घ्यायचं राहूनच गेलं.

उद्या परत जावं लागणार.